पेटीतील पोथी आणि हातातील पडदा

गेल्या गणेशचतुर्थीच्या दिवसांत मलाजखंड येथे जाण्याचा योग आम्हांस आला. गोंदियाहून बालाघाट आणि बालाघाटाहून बैहरच्या बाजूने घाट चढत, सालवृक्षांच्या रानातून जाणारी ही वाट आपल्या समाजातील फार थोड्यांच्या पायांखालची असेल. मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील हे गाव तांब्यासाठी प्रसिद्ध आहे. १९६७ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान कॉपर लिमिटेड ह्या सरकारी कंपनीने १९८२ साली येथे उघडी खाण सुरू केली, आणि देशातील सर्वांत मोठी उघडी ताम्रखाण असा तिचा लौकिक झाला. आता खोदकाम भूगर्भात उतरले आहे. भोवताली गोंड आणि बैगा लोकांची जुनी वस्ती, आणि मधे नोकरीच्या निमित्ताने नाना प्रांतांतून आलेल्या कुटुंबांची वसाहत. त्या वसाहतीत मराठी घरे आहेत, आणि आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो ते घर तर मूळचे आपल्या अंत्रुज महालातले.

तांब्याच्या त्या गावी एक गोष्ट आमच्या मनात वारंवार येत होती. आपल्या पूर्वजांना एखादी गोष्ट कायमची टिकवावयाची असली म्हणजे ते ती तांब्यावर कोरीत. देवस्थानांची दाने आणि अग्रहारांचे हक्क ताम्रपटांवर आले म्हणून तर आज इतिहासकारांस उपलब्ध होतात. तेच तांबे आज विजेच्या तारांत आणि प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलच्या पोटात आहे. ज्या धातूवर आपण अक्षर कोरले, त्याच धातूतून आज चित्र धावते आहे. धातूने आपला धर्म बदललेला नाही. प्रश्न आहे तो आपला.

आता मुख्य कथा सांगतो. त्या घरातील आजी दोन वर्षांपूर्वी निवर्तल्या. त्यांच्या मागे एक लाकडी पेटी राहिली. तीत हरिविजय, नवनाथभक्तिसार, गुरुचरित्र ह्या पोथ्या, काही जुने दिवाळी अंक, एक जीर्ण 'श्यामची आई', आणि देवनागरीत छापलेली तीन-चार कोंकणी पुस्तके होती. आजी घरात कोंकणी बोलत आणि देवापुढे मराठी वाचीत. गोमंतकातील आपल्या घरांची ही जुनी रीत आम्ही वाचकांस नव्याने सांगावयास नको. ह्या पेटीचे काय करावे, असा विचार घरात चालला होता. मुलगा खाणीतील कामात गुंतलेला, सुनेला मराठी वाचता येते पण सवड नाही, आणि नातवंडांची सारी शाळा हिंदी-इंग्रजीतली. तेव्हा असे ठरले होते की विसर्जनाच्या दिवशी गणपतीबरोबर ही पेटीही पाण्यात सोडावी. जीर्ण पोथी रद्दीत देऊ नये, ती जलार्पण करावी, हा आपला संकेतच आहे. परंतु तो संकेत जीर्ण झालेल्या पोथीसाठी आहे. येथे पोथी धडधाकट होती. जीर्ण झाले होते ते घरातील वाचन.

ही वार्ता उत्सवाच्या मंडपात गेली आणि तेथे वाद पेटला. मंडळातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी सारा दोष मोबाइलवर टाकला. "ह्या व्हिडिओंनी पोरांचे डोळे आणि डोकी दोन्ही खाल्ली. मंडपात मोबाइल बंद करा, मुले आपोआप पुस्तकाकडे वळतील," असे त्यांचे म्हणणे. त्यावर एका उत्साही तरुण कार्यकर्त्याने उलट टोक गाठले. "काका, आता हरिविजय कोण वाचणार? आम्ही प्रत्येक पोथीचा दहा मिनिटांचा व्हिडिओ करतो. सार सगळ्यांना कळेल, आणि पेटी सांभाळण्याची कटकटही उरणार नाही." दोघांच्याही हेतूंबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु दोघेही चुकत होते, आणि दोघेही एकाच पेटीला पाण्याकडे ढकलीत होते. ह्या दोन मतांचे वाद आज मलाजखंडातच नव्हे, तर आपल्या प्रत्येक देवस्थानाच्या कार्यकारिणीत चालू आहेत. म्हणून त्यांचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम ज्येष्ठांचा पक्ष पाहू. चित्र दिसले की ग्रंथ मरतो, असे जर असते, तर आपल्या देवळांच्या आवारात ग्रंथ केव्हाच मेला असता. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत पिढ्यान् पिढ्या चित्रकथी सादर करीत आले आहेत. एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरावयाचे, वाद्याच्या साथीने त्या चित्राची कथा गावयाची, आणि मग पुढले चित्र. रामायण-महाभारतातील एका आख्यानाच्या अशा चित्रांच्या संचाला ते लोक काय म्हणतात, ठाऊक आहे काय? ते त्याला 'पोथी' म्हणतात! ह्याच पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली भारत सरकारने पद्मश्री देऊन त्या कलेचा गौरव केला. एकामागून एक सरकणारी चित्रे आणि त्यांबरोबर चालणारा आवाज, ह्याहून व्हिडिओ तो निराळा काय असतो? आपले कीर्तनकार, आपले दशावतारी, आपली ललिते ही सारी ग्रंथातील अक्षराला देह आणि कंठ देण्याचीच साधने होती. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली पहिला चित्रपट काढला तोही हरिश्चंद्राच्या आख्यानावर. तेव्हा हलत्या चित्राशी आपले वैर आहे, हा शोध अगदी अलीकडचा आणि निराधार आहे.

शिवाय बंदीने वाचन वाढल्याचे उदाहरण कोणी दाखवील काय? ज्या घरात पुस्तक दिसतच नाही, त्या घरातील मुलाच्या हातून मोबाइल काढून घेतला तर तो मुलगा भिंतीकडे पाहत बसेल. आणि खरे सांगावयाचे तर मोबाइलवर पहिला हक्क आज वडीलधाऱ्यांचाच आहे. आरती चालू असताना ती डोळ्यांनी पाहण्याऐवजी चित्रित करण्यात गुंतलेले हात आम्ही मोजले. त्यांत मुलांचे हात थोडे आणि पिकल्या केसांच्या माणसांचे अधिक होते. जे आपण पाळत नाही ते मुलांवर लादावयाचे, ह्याला शिस्त म्हणता येत नाही.

आता तरुणांच्या पक्षाकडे वळू. हा पक्ष दिसावयास गोड, म्हणून अधिक घातक आहे. दहा मिनिटांत हरिविजय, पाच मिनिटांत ज्ञानेश्वरी, साठ सेकंदांत भगवद्गीता असा बाजार आज सर्वत्र मांडलेला आहे. ग्रंथाचा सारांश सांगण्यास आमचा विरोध नाही. सारांश म्हणजेच ग्रंथ, असे सांगण्यास आमचा विरोध आहे. नैवेद्याच्या ताटाचे चित्र दाखवून पोट भरल्याचा निर्वाळा कोणी देत नाही. मग ग्रंथाच्याच बाबतीत ही सवलत का असावी?

दशावताराच्या आरंभी रंगमंचावर येणारा संकासुर आमच्या वाचकांना आठवत असेल. तो ब्रह्मदेवाचे वेद चोरतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. परंतु तो जितका वेळ रंगमंचावर असतो तितका वेळ सर्वांत जास्त हशा त्यालाच मिळतो. त्याच्या कोट्यांवर लहान मुले खूष असतात, आणि वेद चोरीस गेल्याचे दुःख तेवढ्यापुरते कोणास आठवत नाही. आम्हांस आजच्या सारांशकारांत ह्या संकासुराची छाया दिसते. तो रंजन करतो, टाळ्या घेतो आणि हसता हसता मूळ ग्रंथ घेऊन जातो. मोबाइलला राक्षस ठरवणाऱ्यांनी आपला राक्षस चुकीच्या जागी शोधला आहे.

ह्यावर कोणी १९८७ चे उदाहरण देईल. त्या वर्षीच्या २५ जानेवारीस दूरदर्शनवर रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका सुरू झाली आणि १९८८ च्या ३१ जुलैपर्यंत चालली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, लोक दूरचित्रवाणी संचाला हार घालीत. २०२० च्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा दाखविण्यात आली आणि पुन्हा घरोघर पाहिली गेली. तिच्यामुळे रामकथा घराघरात गेली, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. परंतु मराठीत एकनाथांचे भावार्थरामायण आहे, मोरोपंतांनी तर रामायणे रचण्याचा जणू छंदच घेतला होता. त्या रामायणांपैकी एकाचे तरी पान त्या मालिकेनंतर आपल्या किती घरांत उलटले गेले? मालिकेचा तो दोष नव्हे. पडदा जेथे संपला तेथून पुस्तकापर्यंत पायवाट घालण्याचे काम आपले होते, आणि आपण ते केले नाही. रविवारचा खेळ संपल्यावर सभामंडपात त्याच प्रसंगाचे भावार्थरामायण उघडून बसण्याचे एकाही देवस्थानास सुचल्याचे आम्हांस स्मरत नाही.

ही पायवाट घालता येते, ह्याला आधार आहे काय? आहे, आणि तो आपल्या जवळचाच आहे.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ते पुस्तकच मुळी एका सांगण्याचे रूप आहे. श्याम आपल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्र आईच्या आठवणी सांगतो, आणि प्रकरणांनाही 'रात्र' हेच नाव आहे. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला, आणि १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पारितोषिके प्रथमच दिली गेली तेव्हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्यालाच मिळाले. चित्रपट आला म्हणून पुस्तक मागे पडले काय? ते आजही छापले जाते, आजही भेट म्हणून दिले जाते. २०२३ साली त्याच पुस्तकावर पुन्हा नवा चित्रपट निघाला. जेथे पडदा पुस्तकाचे ऋण उघडपणे मान्य करतो, तेथे पुस्तकाचे आयुष्य वाढते, असेच हे उदाहरण सांगते.

दुसरे उदाहरण परदेशचे. मॅडलिन मिलर ह्या लेखिकेची होमरच्या कथेवर आधारलेली 'द साँग ऑफ अकिलीस' ही कादंबरी २०११ साली प्रसिद्ध झाली. दहा वर्षांनी, २०२१ च्या सुमारास, ती एकाएकी सर्वाधिक खपाच्या याद्यांत जाऊन बसली. कारण काय, तर टिकटॉक नावाच्या व्यासपीठावर तरुण वाचकांनी ती हातात धरून तिच्याविषयी एकेक मिनिटाच्या चित्रफिती केल्या. ते व्यासपीठ भारतात २०२० च्या जूनमध्येच बंद झाले. परंतु तसल्याच आखूड चित्रफिती इतर मार्गांनी आपल्या मुलांपर्यंत अहोरात्र पोहोचत आहेत. येथे ध्यानात धरण्याजोगी गोष्ट अशी की त्या तरुणांनी कादंबरीचा सारांश सांगितला नाही. त्यांनी ती वाचताना आपले काय झाले, ते सांगितले. कोणी रडले, कोणी रात्र जागविली, कोणी शेवटचे पान झाकून ठेवले. ऐकणाऱ्याला कथा कळली नाही, पण कथेची तहान लागली. ह्या प्रकाराचे दोषही आहेत. बहुतेकांच्या हाती तीच ती पाच-पन्नास पुस्तके दिसतात, आणि व्यापारी लोक लगेच त्यात शिरतात. परंतु पुराणकथेवर बेतलेली जुनी कादंबरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी पुन्हा जिवंत केली, हे खोटे नाही. मग आपल्या पुराणांनीच काय पाप केले आहे?

तिसरे उदाहरण सोलापूर जिल्ह्याचे. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक असताना त्यांनी पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर संकेतचिन्हे छापून घेतली. मोबाइल त्या चिन्हावर धरला की त्या धड्याची कविता ऐकू येई, त्या पाठाची चित्रफीत दिसे. तेथील अनेक मुलांची घरची भाषा कन्नड होती, ह्याचाही त्यांनी विचार केला. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. परितेवाडीत चित्रफीत पुस्तकाच्या पानातून निघत होती आणि मुलाला त्याच पानाशी परत आणून सोडीत होती. आमच्या मते सारे रहस्य ह्या येण्याजाण्याच्या वाटेत आहे.

चौथे उदाहरण अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांचे. चित्रपटगीत चालू असताना त्याच गीताचे शब्द, त्याच भाषेत, पडद्याच्या तळाशी दाखवावेत, असा विचार त्यांनी १९९६ साली मांडला, आणि पुढे दूरदर्शनच्या 'चित्रहार'सारख्या कार्यक्रमांत तो अमलात आला. मनुष्य गाणे ऐकतो, आणि त्याचे डोळे नकळत अक्षरे वाचतात. आरती म्हणताना मागच्या रांगेतील मुलगा ओठ हलवतो आणि हळूहळू आरती त्याला येऊ लागते, त्याच जातीची ही युक्ती आहे. खर्च जवळजवळ काही नाही.

आता आम्ही पुन्हा मलाजखंडास येतो, कारण तेथील प्रश्न ह्या सर्वांहून थोडा निराळा आहे, आणि तो नीट ओळखल्यावाचून कोणताही उपाय लागू पडणार नाही.

परदेशी वाढणारे आपले मूल घरात मराठी अथवा कोंकणी ऐकते, पण त्याला देवनागरी वाचता येत नाही. त्याला कान आहे, डोळा नाही. मलाजखंडच्या मुलाची स्थिती नेमकी उलट आहे. हिंदी शाळेमुळे देवनागरी त्याला अस्खलित येते. पेटीतील प्रत्येक पोथीचे प्रत्येक अक्षर तो आजच्या आज ओळखू शकतो. त्याला डोळा आहे, कान नाही. 'चार' आणि 'चोर' ह्या शब्दांतील 'च' एकाच चिन्हाने लिहिला जातो, पण मराठी मनुष्य तो दोन तऱ्हांनी उच्चारतो. 'जीव' आणि 'जाळे' यांतील 'ज' तसाच. 'बाळ' मधला 'ळ' तर शालेय हिंदीत नाहीच. कोंकणीत 'ए' आणि 'ओ' कोठे आखूड तोंडाने व कोठे मोकळ्या तोंडाने म्हणावयाचे, हे अक्षर पाहून कळत नाही. ही सारी विद्या लिपीत नसते, ती आजीच्या तोंडात असते. आजी गेली की कागदावर अक्षर राहते आणि त्याचा आवाज निघून जातो.

त्या घरातील तेरा-चौदा वर्षांच्या नातीने आम्हांस एक गोष्ट सांगितली. आजी गेल्यावर तिने पेटीतील 'श्यामची आई' उघडून मंडपात एक पान मोठ्याने वाचले होते. तिचे उच्चार हिंदी वळणाचे ऐकून नागपूरकडून आलेली मुले हसली. तिने पुस्तक मिटले ते मिटलेच. "मला सगळं वाचता येतं, पण ते चुकीचं ऐकू येतं," असे ती म्हणाली. मुलांना वाचनाची गोडी नाही असे म्हणणाऱ्यांनी ह्या वाक्यापाशी क्षणभर थांबावे. ह्या मुलीस गोडी होती, अक्षर होते, पुस्तक होते. तिला हवा होता एक आवाज.

अशा मुलीसाठी व्हिडिओ हे वरदान आहे. फोंड्याला असलेल्या तिच्या मावशीने त्याच पुस्तकाची एक 'रात्र' वाचून तिचे चित्रण पाठवून दिले. मावशीने स्वतःच्या चेहऱ्याचे चित्रण केलेच नाही. तिने पानावर बोट ठेवले, बोट सरकत गेले आणि आवाज चालत गेला. मुलीने आपली प्रत समोर ठेवून तिच्याबरोबर वाचले, एकदा, दोनदा, पाचदा. विसर्जनाच्या आदल्या रात्री आरतीनंतर तिने तेच पान मंडपात पुन्हा वाचले. सर्व 'च' जागच्या जागी पडले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कोणी हसले नाही, आणि ते ज्येष्ठ गृहस्थ उठून पुढच्या रांगेत येऊन बसले.

दहा मिनिटांच्या सारांशाने हे झाले असते काय? मंडपात मोबाइल बंद करून हे झाले असते काय?

आपल्या समाजाने ह्या प्रश्नाकडे इतरांपेक्षा अधिक गांभीर्याने पाहावे, असे आम्ही का म्हणतो, तेही सांगतो. सोळाव्या शतकात सासष्टीतील देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा आपल्या पूर्वजांनी देव उचलले आणि नदीपार नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. हा इतिहास आपण जत्रेजत्रेला अभिमानाने सांगतो. पण देवाबरोबर पुस्तके किती आली? त्याच काळातील रामायण-महाभारताच्या कोंकणी कथा आज आपल्या एकाही देवळात नाहीत. त्या पोर्तुगालातील ब्रागा येथील ग्रंथालयात, रोमी लिपीत उतरवून ठेवलेल्या अवस्थेत सापडल्या. आपली भाषा शिकण्यासाठी परकीयांनी त्या आपल्या लिपीत लिहून घेतल्या, म्हणून त्या वाचल्या. ज्या केळशीची शांतादुर्गा, त्याच केळशीच्या कृष्णदास शामा यांचे नाव पणजीच्या राज्य ग्रंथालयास दिलेले आहे, आणि १८३२ साली स्थापन झालेले ते ग्रंथालय देशातील जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक गणले जाते. तेथे आपल्यापैकी कितीजण गेले आहेत? मूर्ती नदीपार नेण्यास ज्यांनी प्राण पणाला लावले त्यांचे वंशज आपल्याच हातांनी पोथीची पेटी पाण्यात सोडण्यास निघावेत, ह्याहून मोठा दैवदुर्विलास कोणता?

म्हणून देवस्थानांच्या आणि उत्सवमंडळांच्या चालकांपुढे आम्ही काही स्पष्ट सूचना ठेवतो. पालखीचे चित्रण करण्यासाठी उडते कॅमेरे भाड्याने आणण्यास आणि प्रवेशद्वाराशी भला मोठा प्रकाशमान पडदा उभारण्यास आज पैसा कमी पडत नाही. त्याच पडद्यावर देणगीदारांच्या नामावळीच्या मधे पाच मिनिटे ग्रंथासाठी मिळावीत, एवढीच मागणी आम्ही करतो.

पहिली सूचना अशी की चित्रफितीत पुस्तक प्रत्यक्ष दिसले पाहिजे आणि ते त्याच ठिकाणी, त्याच क्षणी हाती मिळाले पाहिजे. ज्या पुस्तकाची प्रत कपाटात नाही त्याची चित्रफीत दाखवू नये. तहान लावून पाणी न देणे हे पाप आहे.

दुसरी अशी की वाचणारे मूलच असावे. मोठ्यांनी उपदेश करू नये. मुलाने एक पान वाचावे, आवडले ते का आवडले हे आपल्या शब्दांत सांगावे, आणि कथा अशा जागी सोडावी की पुढले पान उघडल्याविना ऐकणाऱ्यास चैन पडू नये. कीर्तनकार बुवा आख्यान ऐन रंगात आले असताना अभंगाकडे वळतात, ते उगाच नव्हे.

तिसरी अशी की वाचल्या जाणाऱ्या ओळी पडद्याच्या तळाशी त्याच भाषेत दिसाव्यात. मराठीखाली मराठी, कोंकणीखाली कोंकणी.

चौथी अशी की दुसऱ्याच्या हक्कास बाध आणू नये. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे ग्रंथाचा हक्क राखीव असतो. साने गुरुजी १९५० साली गेले, शणै गोंयबाब १९४६ साली. त्यांचे सारे लेखन आज मुक्त आहे आणि ते अथपासून इतिपर्यंत वाचून ध्वनिचित्रित करण्यास कोणाची हरकत नाही. संतवाङ्मय तर आपलेच आहे. परंतु बाकीबाब बोरकर १९८४ साली गेले, तेव्हा त्यांच्या कवितेसाठी परवानगी मागावी. देवळाच्या आवारात चोरीचे फूल वाहू नये.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची अशी की यशाचे माप बदलावे. चित्रफीत किती हजारांनी पाहिली हा आकडा सभेपुढे ठेवू नये. ती पाहून कपाटातून किती पुस्तके नेली गेली आणि किती वाचून परत आली, ह्याची वही ठेवावी आणि ती वार्षिक सभेत वाचावी. त्या वहीत वर्षाकाठी सात नावे आली तरी आम्ही त्या देवस्थानाचे अभिनंदन करू.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेता येईल, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. मोबाइल हे साधन निष्पाप नाही. एक चित्रफीत संपताच तो दुसरी पुढे करतो, दुसरीनंतर तिसरी, आणि पुस्तकासाठी उघडलेला पडदा मध्यरात्रीपर्यंत मिटत नाही. हे खरे आहे. म्हणूनच आम्ही चित्रफीत एकांतात पाहण्यास सांगत नाही, तर मंडपात, सर्वांबरोबर, पुस्तकाच्या कपाटाशेजारी पाहण्यास सांगतो. दीपमाळ उत्सवात लावतात, ती अंथरुणाशी नेत नाहीत. साधनाला जागा आणि वेळ नेमून देणे हेच तर देवळाचे शास्त्र आहे. घंटा केव्हा वाजवावी, पडदा केव्हा ओढावा आणि केव्हा सारावा, हे ज्यांना शतकानुशतके ठाऊक आहे, त्यांना ह्या नव्या पडद्याचा नियम बसवता येऊ नये, असे आम्हांस वाटत नाही.

गर्भगृहापुढचा पडदा दर्शन झाकण्यासाठी असतो, असा समज असणारा मनुष्य देवळात कधी गेलेलाच नसतो. तो पडदा सारल्यावर पुढे दर्शन असते, म्हणून त्याचे महत्त्व. पुस्तकापुढच्या ह्या पडद्याचेही तेच आहे. तो सारला जाणार नसेल तर तो नसलेला बरा. तो सारला जाणार असेल तर त्याला मंडपात मानाने जागा द्यावी.

मलाजखंडची ती पेटी विसर्जनाच्या दिवशी तळ्यापर्यंत गेली आणि परत आली. घरच्यांनी पुस्तकांना पुढल्या चतुर्थीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर नातीने हरिविजयाचा एक तरी अध्याय वाचून दाखवावा, नाहीतर मग पाहू, असा करार झाला आहे. मराठीसाठी फोंड्याची मावशी तयार आहे. कोंकणी पुस्तकांसाठी अजून आवाज मिळालेला नाही. ज्या वाचकाच्या घरी मोबाइल आहे, कोंकणी आहे आणि अर्ध्या तासाची सवड आहे, त्याने आम्हांस कळवावे. चतुर्थी दर वर्षी येते, परंतु पेटीला मिळालेली मुदत एकाच वर्षाची आहे.